कादंबरीला पैसे कोण देतं?

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आज पहिल्यांदा वाचणाऱ्याला एक गोष्ट हमखास जाणवते. कादंबरीची निवेदक यमुना ऐसपैस सांगते. मागच्या प्रसंगाची पुन्हा आठवण करून देते, मधेच थांबून वाचकाशी बोलते, मग सावकाश पुढे सरकते. आजच्या एखाद्या संपादकाच्या टेबलावर हे हस्तलिखित आलं तर त्याचा हात लाल पेनाकडे जाईल. पण १८९० साली ही गोष्ट वाचणाऱ्याच्या हातात पुस्तक नव्हतं. त्याच्या हातात होता ‘करमणूक’ या साप्ताहिकाचा अंक. आपट्यांनी स्वतःच सुरू केलेल्या या साप्ताहिकात ही कादंबरी १८९० ते १८९३ अशी भागाभागांनी येत राहिली. मागचा अंक वाचून सात दिवस झालेले, तो शेजारी कुणीतरी वाचायला नेलेला, मधला एखादा चुकलेला. अशा वाचकाला पुन्हा गोष्टीत बसवून घ्यायचं, तर मागचा धागा हातात द्यावाच लागतो. आपण ज्याला पाल्हाळ म्हणतो ती त्या छपाईच्या रीतीची गरज होती. आपट्यांनी त्या गरजेतूनच यमुनेचा आवाज घडवला. दर आठवड्याला भेटणाऱ्या बाईनं आपली हकिकत सांगावी तसा तो आवाज आहे, आणि ती बाई लहान मुलीपासून विधवेपर्यंतचा प्रवास सांगते. तीन वर्षं तिला ऐकणाऱ्या वाचकाला ती घरातलीच वाटली असणार.

मराठी कथा-कादंबरीचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी आणि वाङ्मयीन प्रवाहांनी शिकतो. ते योग्यच आहे. पण मला तो दुसऱ्या बाजूनंही वाचावासा वाटतो. त्या त्या काळात गोष्टीचे पैसे कोण देत होतं? साप्ताहिकाचा वर्गणीदार, दिवाळी अंकाचा जाहिरातदार, वाचनालय, की दुकानात येऊन पुस्तक विकत घेणारा माणूस? त्या उत्तरावर गोष्टीची लांबी, तिचा वेग आणि पुष्कळदा तिची भाषासुद्धा ठरत आली आहे. लिहू पाहणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणं, पात्रं कशी उभी करावीत हे ठाऊक असण्याइतकंच गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी मागे पडली तरी तिचं तंत्र पुन्हा कामाला आलं ते ऐकायच्या पुस्तकांमुळे. ‘स्टोरीटेल’ २०१७ साली भारतात आलं आणि मराठीत केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका तयार होऊ लागल्या. लोकलमध्ये उभं राहून किंवा भाजी चिरता चिरता ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. म्हणून एका प्रसंगात चारपेक्षा जास्त माणसं बोलायला ठेवली की गोंधळ होतो. सुनीता आणि सुनंदा अशी दोन नावं एका गोष्टीत चालत नाहीत. लांब उपवाक्यांची वाक्यं वाचणाऱ्याचा श्वास अडवतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष सुटतं. भाग संपताना प्रश्न लोंबकळत ठेवावा लागतो, नाहीतर पुढचा भाग लावला जात नाही. हे सगळं आपट्यांना माहीत होतं. छापील कादंबरी लिहिणाऱ्या चांगल्या लेखकाला मात्र ते नव्यानं शिकावं लागतं, आणि पुष्कळांना ते कमीपणाचं वाटतं. त्यात कमीपणाचं काही नाही, कारण ऐकणाऱ्याचा विचार करणं हा कथनाचा सर्वांत जुना भाग आहे.

दिवाळी अंकानं गोष्टीला वेगळाच आकार दिला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा तिथपासून मोजतात. या अंकाचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून निघतो, आणि तो एकदाच, एका सणाला निघतो. त्यामुळे क्रमशः काही छापण्याची सोय नाही. जे द्यायचं ते अंकातच पुरं व्हायला हवं. त्यातून मराठीत दीर्घकथा पोसली गेली. कथेपेक्षा लांब आणि कादंबरीपेक्षा आखूड असा हा प्रकार, एका दुपारी वाचून संपणारा. इतर भाषांत या लांबीच्या लेखनाला छापायला जागाच सापडत नाही, अशी लेखकांची तक्रार असते. आपल्याकडे ती जागा दरवर्षी आयती मिळते. पण याची दुसरी बाजूही आहे. मागणी उन्हाळ्यात येते आणि मजकूर पावसाळ्यात द्यावा लागतो. नाव झालेल्या लेखकाला एकाच वेळी आठ-दहा संपादकांचे फोन. दोन महिन्यांत तितक्या कथा लिहिल्या तर त्यांतल्या दोन-तीनच खऱ्या उतरतात. नव्या लेखकानं मात्र या अंकांकडे गंभीरपणे पाहावं. प्रकाशक नव्या नावाचं हस्तलिखित हातात घेतो तेव्हा आधी कुठं काय छापून आलं आहे, हे तो हमखास विचारतो.

तिसरा पैसे देणारा म्हणजे वाचनालय, आणि मराठी लोकप्रिय कादंबरी ही बरीचशी त्याचीच निर्मिती आहे. गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा, गावोगावच्या बाजारपेठा इथं महिन्याची वर्गणी घेऊन पुस्तकं घरी देणारी वाचनालयं होती. वाचक पुस्तक विकत घेत नव्हता, वाचायचे पैसे देत होता. म्हणजे वाचनालयवाल्याला असं पुस्तक हवं, जे आज रात्री वाचून उद्या परत येईल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ होते. या पुस्तकांचा आटोपशीर आकार, पहिल्या पानावरच घडलेला गुन्हा, छोटी वाक्यं, वर्णनाला जवळजवळ फाटा, ही सारी त्या व्यवहाराची शिस्त होती. त्या शिस्तीत राहून हजारदा वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेणं याला कसब लागतं. आपल्या समीक्षेनं त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, याची मला खंत आहे. सुहास शिरवळकरही याच वाटेनं आले. रहस्यकथा लिहिता लिहिता त्यांचा संवाद इतका सफाईदार झाला की ‘दुनियादारी’त कट्ट्यावरची पोरं बोलू लागली, तेव्हा ती लिहिलेली वाटली नाहीत.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. अ, ब, क, ड अशा वर्गांत बसणाऱ्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करणं आलं. याचा मराठी प्रकाशनावर झालेला परिणाम फार खोल आहे. एखादी बरी कादंबरी दुकानांतून फारशी खपली नाही तरी ग्रंथालयांच्या जोरावर तिची आवृत्ती संपू शकते, हा भरवसा त्यातून आला. मार्चअखेर अनुदान खर्ची पडायचं असतं, म्हणून वर्षाची शेवटची तिमाही हा प्रकाशकांचा हंगाम झाला. ग्रंथालयाला सवलत हवी असते, म्हणून छापील किमती चढ्या ठेवण्याची सवय लागली. त्या चढ्या किमतीमुळे घरासाठी पुस्तक घेणारा आणखी दूर गेला. आज अनुदान उशिरा येतं, कमी पडतं, तेव्हा पहिला फटका नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीला बसतो. ग्रंथपाल आधी ती पुस्तकं घेतो जी वाचक नावानं मागतात.

आता थोडा हिशेब मांडू. लेखकांना तो सहसा कुणी सांगत नाही, आणि प्रकाशकांना तो सांगायचा कंटाळा आलेला असतो. पुस्तक पानांत नव्हे, फर्म्यात मोजतात. एक फर्मा म्हणजे सोळा पानं. डेमी आकाराची २४० पानांची कादंबरी म्हणजे १५ फर्मे. २४२ पानं झाली तर पाव फर्मा वाढतो, म्हणून संपादक शेवटच्या प्रकरणातल्या चार ओळी मागे ओढता येतील का बघतो. पानं उरली तर तिथं इतर पुस्तकांच्या जाहिराती येतात. समजा, या कादंबरीची किंमत ३०० रुपये आहे आणि आवृत्ती १,००० प्रतींची. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के घेतात असं धरू. पुष्कळदा त्याहून जास्तच घेतात. प्रकाशकाच्या हाती एका प्रतीमागे १८० रुपये येतात. लेखकाचं मानधन छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३० रुपये. कागद, छपाई, बांधणी यांचे प्रतीमागे ९० रुपये धरले आणि अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, संपादन यांचे एकदाच होणारे ४०,००० धरले, तर हजार प्रती विकल्यावर प्रकाशकाकडे उरतात २०,००० रुपये. त्यात गोदामाचं भाडं, पार्सलं, अभिप्रायासाठी आणि पुरस्कारांसाठी पाठवलेल्या प्रती अजून धरलेल्या नाहीत. पाचशेच प्रती विकल्या गेल्या तर ५५,००० चा तोटा. खर्च भरून निघायलाच ८६७ प्रती जाव्या लागतात.

माझे आकडे कुणी आपल्या अनुभवानं बदलून पाहावेत. किंमत, सवलत, कागदाचा भाव प्रत्येकाचा वेगळा असतो. पण हिशेबाचा कल बदलत नाही. पहिली आवृत्ती प्रकाशकाला जेमतेम सोडवते आणि खरी मिळकत दुसऱ्या आवृत्तीपासून सुरू होते, कारण अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. वरच्याच उदाहरणात दुसरी हजारांची आवृत्ती पूर्ण गेली तर ६०,००० उरतात. म्हणून ज्या प्रकाशकाच्या यादीत दहा-वीस वर्षं चालणारी पुस्तकं आहेत, त्यालाच नव्या, धोक्याच्या पुस्तकावर पैसा लावता येतो. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीचं उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवतं. रा. ज. देशमुखांनी १९५९ मध्ये वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ काढली, १९६२ मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’ काढली आणि १९६३ मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. पहिल्या दोन कादंबऱ्यांचा वाचक तिसरीकडे पाहून बुचकळ्यात पडेल हे उघड होतं. ज्याच्या दुकानात खांडेकर आणि देसाई खपत होते त्यानंच ‘कोसला’च्या पांडुरंग सांगवीकरला जागा दिली, यात धाडस आहेच. पण माझा तर्क असा की त्या धाडसामागे तो हिशेबही उभा होता. लोकप्रिय पुस्तकाकडे नाक मुरडणाऱ्या गंभीर लेखकानं हे लक्षात ठेवावं. त्याच्या पुस्तकाचा कागद अनेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी विसाव्या आवृत्तीतून आलेला असतो.

लेखकाच्या बाजूनं हिशेब आणखी सरळ आहे. वरच्या उदाहरणात अख्खी आवृत्ती खपली तर त्याला मिळतात ३०,००० रुपये. ती तीन वर्षांत खपली तर वर्षाला दहा हजार. कादंबरी लिहायला लागलेली दोन-तीन वर्षं त्यात धरायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. म्हणूनच मराठीतले बहुतेक मोठे कथाकार-कादंबरीकार दुसऱ्या कामावर जगले. खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात. स्वतः आपटे आनंदाश्रम या संस्थेचा कारभार पाहत. नोकरीनं लेखन बिघडतं असं मी मानत नाही. माडगूळकरांची रेडिओवरची वर्षं त्यांच्या वाक्याच्या लयीत ऐकू येतात, असं मला वाटतं. पण नोकरीतून उरलेल्या वेळेत मराठी कादंबरी लिहिली गेली, याचा तिच्या लांबीशी आणि दोन पुस्तकांमधल्या अंतराशी संबंध आहे. आपल्याकडे चांगले लेखक दोन-तीन कादंबऱ्यांवर थांबतात, त्यामागे प्रतिभा आटण्याखेरीज हेही एक कारण असतं.

पहिल्या पुस्तकासाठी एक आधार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यानं तिचे नियम जरूर वाचावेत. आणि भारतात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी मागत असेल तर ते कशाचे, हे विचारावं.

या सगळ्या हिशेबात ‘संपादन’ हा शब्द मी एका दमात घेऊन गेलो. प्रत्यक्षातही आज त्याचं तसंच होतं. मौज प्रकाशन गृहात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जे केलं त्याची आठवण मराठी लेखक अजून काढतात. हस्तलिखित वाचून लांबलचक पत्र लिहायचं, त्यात कुठलं पात्र अंधारात राहिलं, कुठं लेखक पात्राच्या तोंडून आपलंच बोलतोय हे दाखवायचं, पुन्हा लिहून घ्यायचं, पुन्हा वाचायचं. मौजेच्या ‘सत्यकथा’ मासिकाकडून ‘साभार परत’ आलेल्या कथेनं कितीतरी लेखकांची झोप उडवली. या पद्धतीवर राग धरणारेही होते, आणि त्यांचा राग निराधार नव्हता. एका विशिष्ट अभिरुचीच्या चाळणीतून सगळं मराठी जगणं जाणार कसं? राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून तो प्रश्न कठोरपणे विचारला. अनियतकालिकांच्या चळवळीतून आणि दलित साहित्यातून जे आलं ते त्या चाळणीबाहेरचं होतं, आणि त्यानं मराठी गद्य बदललं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. चाळणी गेली हे बरं झालं असं म्हणणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. पण ओळ न् ओळ वाचणारा माणूसही तिच्याबरोबर दुर्मीळ झाला, आणि हे नुकसान भरून आलेलं नाही.

संपादक नेमकं काय करतो हे बाहेरच्या वाचकाला कळत नाही, म्हणून एक बनवलेलं उदाहरण देतो. हस्तलिखितात असं आहे: ‘वडील गेल्याचा फोन आला आणि सुधाकरच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच्या मनात आठवणींचं काहूर माजलं. डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. त्यानं उठून दुधाखालचा गॅस बंद केला. आता त्याला कुणीच उरलं नव्हतं.’ पाच वाक्यं आहेत. चांगला संपादक पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध आणि चौथं वाक्य ठेवतो: ‘वडील गेल्याचा फोन आला. सुधाकरनं उठून दुधाखालचा गॅस बंद केला.’ काढलेल्या वाक्यांतलं सगळं आता वाचकाच्या मनात घडतं. लेखक इथं हमखास म्हणतो की मग दुःख कुठं गेलं? तेव्हा संपादकाला समजावावं लागतं की ते गॅसच्या खटक्यात आहे, आणि तुम्हीच ते तिथं ठेवलं होतं. या एका परिच्छेदावर अर्धा तास जातो. २४० पानांच्या कादंबरीत असे शंभर परिच्छेद असतात. वरच्या हिशेबात एकदाच होणाऱ्या चाळीस हजारांत संपादनाच्या वाट्याला कितीसे येतील याचा अंदाज करा, म्हणजे पुष्कळ प्रकाशनसंस्थांत मुद्रितशोधकालाच संपादक का म्हणतात ते समजेल. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघतो, निसटलेला अनुस्वार पकडतो, सुधाकरचा बारा पानांनंतर प्रभाकर झाला तर खूण करतो. ते फार मोलाचं काम आहे. पण तो गॅसच्या वाक्यापाशी थांबत नाही, आणि त्यानं थांबावं अशी अपेक्षाही त्याच्याकडून नसते.

छपाईचं तंत्र बदलल्यानं आणखी एक गोष्ट झाली. खिळे जुळवून छापायचे त्या काळात छापखान्याकडे टाइप मर्यादित असायचा. काही फर्मे जुळवून छापले की तेच खिळे सोडून पुढचे फर्मे जुळवायचे. पहिली पानं छापून झाल्यावर लेखकाला तिथं काही बदलता येत नसे, आणि नवी आवृत्ती म्हणजे पुन्हा सगळी जुळणी. त्यामुळे प्रेसला देण्याआधी हस्तलिखित पक्कं करण्याची सक्ती होती. आज संगणकावर शेवटच्या रात्रीपर्यंत बदल करता येतो, दोनशे-तीनशे प्रतीही छापता येतात. छोट्या आवृत्तीत प्रतीमागचा खर्च वाढतो, पण गोदामात पडून राहणारा कागद वाचतो. नव्या लेखकासाठी ही सोय मोठीच आहे. ‘पाचवी आवृत्ती’ असा शिक्का दिसला की प्रती किती होत्या हे मात्र विचारावं.

याच सोयीतून लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढण्याचा व्यवहारही बोकाळला आहे. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे लेखकानं स्वतः प्रकाशक होण्याची परंपरा जुनी आहे. पण पैसे लेखकाचे असतील तर प्रती कुणाच्या, त्या किती छापल्या, कुठल्या दुकानांत गेल्या, विकल्या गेलेल्या प्रतीचे पैसे कुणाला, या चार प्रश्नांची लेखी उत्तरं मिळायला हवीत. ती मिळत नसतील तर ते प्रकाशन नव्हे, छपाई आहे. मग सरळ छापखान्यात जावं, तिथं तरी दर ठरलेला असतो.

यावरून करारनाम्याकडे येतो. मराठीत अजून कितीतरी पुस्तकं शब्दावर निघतात. ‘आपलंच घर आहे’ म्हणून. त्या आपलेपणाचं मोल मी जाणतो, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम प्रत्येक लेखकानं एकदा तरी वाचावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि लेखकाच्या सहीनंच दिले जातात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. आणि हक्क घेणाऱ्यानं एका वर्षात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलं नसल्यास, ते संपुष्टात येतात. कायदा लेखकाच्या बाजूनं झुकलेला आहे. पण ‘सर्व हक्क कायमचे’ अशा एका ओळीवर त्यानं सही केली की त्या झुकण्याचा फारसा उपयोग राहत नाही. पुस्तकाचे छापील हक्क, ई-पुस्तक, ऐकायचं पुस्तक, अनुवाद, नाटक, चित्रपट, मालिका हे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळे देता येतात. ‘दुनियादारी’ १९८२ ची कादंबरी, तिच्यावरचा चित्रपट आला २०१३ साली. शिरवळकर २००३ मध्येच गेले होते. कुठल्या पुस्तकाला किती वर्षांनी दुसरा जन्म मिळेल हे लिहिताना कुणालाच कळत नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, त्या निमित्तानं ती वाढवली गेली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या पहिल्या दिवशी सर्वांसाठी खुलं झालं आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी काढली. ते पुस्तक भाग्यवान, कारण त्या साठ वर्षांत ते कधी बाजारातून गेलंच नाही. शेकडो चांगल्या कादंबऱ्यांचं तसं होत नाही. पहिली आवृत्ती संपते, प्रकाशक दुसरी काढत नाही, लेखक जातो, करार कुठं आहे हे कुणाला ठाऊक नसतं, मुलं परदेशी असतात, आणि पुस्तक पुन्हा काढायला उत्सुक असलेल्या नव्या प्रकाशकाला सही कुणाची घ्यायची हेच समजत नाही. यावर इलाज साधा आहे आणि तो करारातच करता येतो. आवृत्ती संपल्यापासून, समजा, एका वर्षाच्या आत पुनर्मुद्रण झालं नाही तर छापील हक्क आपोआप लेखकाकडे परत येतील, असं एक कलम. दुसरं, दरवर्षी मार्चनंतर किती प्रती विकल्या आणि किती शिल्लक आहेत याचा लेखी हिशेब. आणि तिसरी गोष्ट लेखकानं स्वतःच करायची: पुस्तकांची यादी, प्रत्येकाचा प्रकाशक, कराराची प्रत आणि आपल्यामागं निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव, हे इच्छापत्राबरोबर एका पाकिटात ठेवायचं.